‘एकट्याने’चा रकाना

थोरल्या मावशीने तो तक्ता भरायला दोन दुपारी घेतल्या. एवढं मन लावून तिने आयुष्यात कधी काही लिहिलं नव्हतं, आणि त्याच लिहिण्याने तिचा केसाने गळा कापला.

संस्था बौद्धिक दिव्यांगांची. तिथे बावीस जण राहत. संस्थेच्या भाषेत ती ‘मुलं’. त्यातलं सगळ्यांत धाकटं मूल सव्वीस वर्षांचं होतं आणि सगळ्यांत मोठ्याला गुडघेदुखी होती. तीस वर्षांपूर्वी काही आईबापांनी एकत्र येऊन ही संस्था काढली, आणि मग एकेक करून देवाघरी जात ती दुसऱ्यांच्या गळ्यात घातली. मुलांना सांभाळणाऱ्या बायका सात. त्या सगळ्या मावश्या. थोरली त्यांत वयाने थोरली होतीच, तोऱ्यानेही होती. तिच्या वाट्याला चार जण होते, पण जीव एकावर.

त्याला सगळे मास्तर म्हणत. नाश्त्याला बसलेल्यांकडे बोट करून तो रोज हजेरी घ्यायचा: एक, दोन, तीन, तीन, तीन. वय त्रेचाळीस. चौदा वर्षांपूर्वी आई वारल्यावर त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, त्याला इथे आणून सोडला तेव्हा त्याची विजारसुद्धा दुसऱ्याने वर ओढावी लागे. आता तो दात घासायचा, चहा करायचा, कप धुऊन पालथा घालायचा आणि शर्टाची सहाच्या सहा बटणं लावायचा. त्यातल्या चौथ्या बटणालाच दोन वर्षं लागली होती. बाकी बायका आपल्या नातवंडांचे फोटो दाखवत. थोरली मास्तरची बटणं दाखवायची.

हे सगळं तो एकट्याने करायचा. मात्र या घरात ‘एकट्याने’ या शब्दाला स्वतःचा असा एक अर्थ होता. मावशीचा हात लागला नाही म्हणजे एकट्याने. मावशी दारात उभी राहून ‘हं’ म्हणत असेल तर ते मोजायचं नाही, कारण हं म्हणजे काही हात नव्हे. प्रत्येक मावशीचा आपापला हं होता. थोरलीचा आखूड हं म्हणजे लाव. लांबवलेला हंऽऽ म्हणजे झालं, आता पुढचं. आणि तिने घसा खाकरला की चुकलं, सोड, पहिल्यापासून कर. एका शर्टाला साधारण बारा हं लागत. पण ते श्वासासारखे. श्वास कोण मोजतं?

मोजणारा माणूस त्या वर्षी आला. त्याचं पद होतं ‘बदल व्यवस्थापक’. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, आजवरचे साहेब बदली करून घेऊन जायचे, हे बदल घेऊन आलेत. एकूण आपल्याला निरोप समारंभाचा खर्च चुकत नाही. तेव्हापासून त्यांचं नाव बदलसाहेब. ते बिस्किटांच्या कारखान्यातून आले होते. मोडकी बिस्किटं वेगळ्या पाकिटात भरून विकायची युक्ती म्हणे त्यांचीच. माणूस गोड. कुणावर आवाज चढवला नाही, मावश्यांनासुद्धा ‘आपण’ म्हणायचे. या घरात मावश्यांना ‘आपण’ म्हणणारा आजवर कुणी आला नव्हता, त्यामुळे सगळ्या जरा हरखल्याच.

साहेबांनी सभा घेऊन समजावून सांगितलं. निधी देणारं मंडळ आतापर्यंत संस्थेला वर्षाची ठोक रक्कम द्यायचं. यापुढे माणसागणिक देणार, आणि ज्याला जितकी मदत लागते तितकी. त्यासाठी हा तक्ता. सोळा कामं, प्रत्येकाला चार गुण. एकट्याने करतो, चार. सांगितल्यावर करतो, दोन. हात धरून करतो, एक. येत नाही, शून्य. जे खरं असेल तेच लिहा, असं साहेब म्हणाले आणि निश्चिंत झाले. कारखान्यातला त्यांचा अनुभव असा की माणसाला आपल्या खात्याची अडचण लिहायला सांगितली तर तो रडगाणं दुप्पट करून लिहितो. मावश्या काय चीज आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या पोराला काही येत नाही, असं कागदावर सही करून देणारी बाई अजून जन्माला यायची होती.

तर तक्ते भरले गेले. थोरलीने मास्तरला चौसष्टपैकी एकसष्ट दिले. भाजी चिरण्यात तेवढे तीन कापले, तेही सुरीची धार कमी होती म्हणून. जेवणघरात तिने तो आकडा दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. काटकी मावशी तिची जुनी वैरीण. तिने आपल्या राणीला अठ्ठावन्न दिले होते, आणि बाकीचे सहा आपण विनयापोटी सोडले असं ती सांगत होती. राणी चाळिशीची बाई, चमच्याने जेवायला शिकलेली, आणि त्या चमच्याचा काटकीला कोण अभिमान. एकूण घराची सरासरी निघाली एकोणपन्नास.

महिन्याभराने मंडळाचं पत्र आलं. मंडळाला आनंद झाला होता. इतक्या कर्तबगार माणसांना सात मावश्या कशाला हव्यात, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. ज्यांना पन्नासच्या वर गुण, त्या आठ जणांनी वेगळ्या घरांत राहावं, एका घरात दोघं; दिवसातून चाळीस मिनिटं एक मदतनीस येऊन बघून जाईल. राहिलेल्या चौदांसाठी तीन मावश्या पुष्कळ झाल्या. चार कमी करायच्या, आणि त्यांत पहिलं नाव थोरलीचं, कारण तिची मुलं सगळ्यांत हुशार.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तक्ता तिच्यासमोर ठेवला.

“हे अक्षर आपलंच ना?”

तिने मान हलवली.

“अंघोळ, एकट्याने. कपडे, एकट्याने. चहा, एकट्याने.” साहेब एकेक ओळीवर बोट ठेवत होते. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मावशी, एवढं सगळं तो एकट्याने करतो, तर आपण चौदा वर्षं पगार कशाचा घेतलात?”

मग तिने हंबद्दल सांगितलं. आखूड, लांब, खाकरलेला, सगळे करून दाखवले. त्या खोलीत, टेबलापलीकडच्या माणसाला हं म्हणून दाखवताना तिला आपणच वेड्यासारखं करतोय असं वाटलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हं या शब्दाला रकाना नाही, एवढंच ते म्हणाले. पण पत्राच्या मागच्या बाजूची एक ओळ त्यांनी तिला वाचून दाखवली: तक्त्यात चूक असेल तर सांभाळणाऱ्या व्यक्तीने पंधरा दिवसांत फेरतपासणी मागावी. तपासनीस येईल, एक तास बघेल, आणि जे दिसेल ते खरं. तिने तिथेच अर्ज लिहिला. कारण मास्तर त्या वेगळ्या घरात हंची वाट बघत, दाराकडे तोंड करून शर्ट हातात धरून उभा राहील, आणि दारात कुणी नसेल, आणि चाळीस मिनिटं केव्हाच संपलेली असतील, हे तिला लख्ख दिसत होतं.

अडचण ताईंची होती. वेगळ्या घराची बातमी त्यांनी आधीच सगळ्या नात्यागोत्यात फिरवली होती. चौदा वर्षं ‘भाऊ कुठे असतो’ या प्रश्नावर विषय बदलणाऱ्या बाईला पहिल्यांदाच उत्तर सापडलं होतं: तो स्वतंत्र राहतो. अर्ज कळल्यावर त्यांचा फोन आला. मावशीने समजावायचा प्रयत्न केला, तर ताई म्हणाल्या की तुम्हाला तुमची नोकरी सांभाळायची आहे, माझ्या भावाच्या आड कशाला येता. ते अर्धं खरं होतं. मावशीने फोन ठेवला.

तपासनीस बाई ठरल्या वेळी आल्या. हातात कागद लावलेली पाटी, गळ्यात ओळखपत्र, चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा कोरा. त्यांनी नियम सांगितले. ओळखीचं एक माणूस खोलीत उभं राहील, म्हणजे तो घाबरणार नाही. पण बोलायचं नाही, हात लावायचा नाही, खूण करायची नाही. ताई खुर्चीवर बसल्या, साहेब खिडकीपाशी. मावशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला वाटलं, हे तर सोपं आहे. गप्पच राहायचंय. आपण काही खोटं करत नाही, जे आहे तेच दिसेल.

पहिली सात-आठ मिनिटं तसंच झालं. मास्तर शर्ट हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. एकदा हसला, तिला ऐकू आलं नसेल असं समजून आणखी जवळ येऊन उभा राहिला. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या कपाटाकडे बघत होती. तो पुन्हा आपल्या जागी गेला. तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं.

मग त्याने बाह्यांत हात घातले. पहिलं बटण लावलं आणि तिच्याकडे पाहिलं. काही नाही. त्याने थोडा विचार केला आणि दुसरं लावलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा काही नाही. तिसरं लावताना त्याने वर पाहिलंच नाही.

मावशीची नजर कपाटावरून त्याच्या बोटांवर आली. याला येतंय. चौदा वर्षं आपण हं म्हणत होतो ते त्याला लागत होतं की आपल्यालाच, असा एक घाणेरडा विचार तिच्या मनात येऊन गेला. ताई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. मास्तरची बोटं चौथ्या बटणापाशी आली. ते अवघड, काजाचा दोरा सुटलेला. बटण अर्धं आत गेलं. त्याची जीभ दातांत आली होती.

“बघा,” ताई हळूच म्हणाल्या.

मावशीने घसा खाकरला.

तपासनीस बाईंना तो खोकला वाटला. त्यांनी वरही पाहिलं नाही. मास्तरचे हात मात्र जागच्या जागी थांबले. त्याने चौथं सोडलं, तिसरं काढलं, दुसरं काढलं, पहिलं काढलं, आणि पहिल्यापासून सुरुवात करायला तिच्याकडे पाहिलं. आता ती खरोखर गप्प होती. त्याने पहिलं लावलं, काढलं. लावलं, काढलं. कुठे चुकलं हे त्याला कळेना. मग त्याने शर्ट उतरवला, त्याचा बोळा केला, पोटाशी धरला आणि खाली बसला. थोड्या वेळाने त्याच्याखालची फरशी ओली झाली. दात घासायचा ब्रश आणि चहाचं भांडं पुढे ठेवलं, त्याला त्याने हात लावला नाही. बाकीच्या कामांना हात धरून एकेक, असे गुण पडले चौदा.

तपासनीस बाई गेल्यावर ताई उठल्या. त्यांनी भावाकडे पाहिलं नाही, मावशीकडे पाहिलं.

“चौदा वर्षांत तुम्ही याला शिकवलंत तरी काय?”

हा प्रश्न दुसऱ्या कुणी दुसऱ्या कुठल्या दिवशी विचारला असता तर थोरलीने त्याच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असती.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेली.

आठ दिवसांनी साहेबांनी तिला बोलावलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी. मंडळाचं उत्तर आलं होतं. चौदा गुणांच्या माणसाला रात्रंदिवस सोबत हवी, आणि त्याचा दर एकसष्ट गुणांवाल्याच्या पाचपट. मास्तर इथेच राहणार. ती उठू लागली.

“खोकला कसा आहे आता?” साहेबांनी विचारलं.

ती पुन्हा बसली. त्या दिवशी याच खोलीत आपण घसा खाकरून दाखवला होता, आणि त्याचा अर्थही सांगितला होता, हे तिला आत्ता आठवलं. साहेब हसत होते, पण त्यात दम देणं नव्हतं. मोडक्या बिस्किटांकडे पहिल्यांदा पाहताना त्यांचा चेहरा असाच उजळला असणार. ते म्हणाले, आपला सगळा हिशेबच उलटा होता. मी हुशार मुलं बाहेर काढून खर्च कमी करत बसलो, आणि पैसा तर मुलांना काही न येण्यात आहे. उरलेल्या एकवीस जणांची फेरतपासणी मागतो. पण सगळ्या मावश्यांना आपल्यासारखं गप्प राहता यायचं नाही. त्यांना शिकवावं लागेल. आपण शिकवा. सातही जणींची नोकरी राहील.

“नाही म्हटलं तर?”

“तर मी मंडळाला खोकल्याबद्दल कळवेन. कळवायलाच हवं मला, नियम आहे. मास्तर त्या घरात जाईल आणि आपण आपल्या घरी.” साहेबांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. “आणि हो म्हटलंत, तर सुंठीवाचून खोकला गेला.”

ती हो म्हणाली. तिने फक्त एवढंच विचारून घेतलं की मास्तर आपल्याकडेच राहील ना. राहील म्हणाले.

प्रशिक्षण जेवणघरात झालं. थोरली पुढे उभी राहिली आणि सहा मावश्यांना न बोलायला शिकवू लागली. नुसतं गप्प बसून भागत नाही, कारण मूल डोळ्यांतून वाचतं. नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे ठेवायची. हसू आलं तर ओठ मिटून घ्यायचे. आणि एका दिवसात होत नाही, रोज थोडं थोडं बंद करावं लागतं, म्हणजे तपासणीच्या दिवशी त्याला आठवणार नाही. बायका माना खाली घालून ऐकत होत्या. स्वयंपाकीणबाई दारातून म्हणाल्या, बोलण्याचा पगार सगळेच देतात, न बोलण्याचा इथेच मिळतो. माझी सून चालेल का बघा, ती तर माझ्याशी फुकटात बोलत नाही. कुणी हसलं नाही. काटकी मावशी तेवढी उठून गेली. मग दाराबाहेर थोडा वेळ उभी राहून परत आत आली, कारण तिच्याही घरी खाणारी तोंडं पाच होती.

थोरली शिकवण्यात पहिल्यापासून हुशारच. दोन महिन्यांत घर बदललं. राणीचा चमचा काढून घेतला. पहिले काही दिवस ती ताटाशेजारी बोटांनी चाचपत राहायची, मग हाताने खाऊ लागली, मग भरवल्याशिवाय तोंड उघडेना. काटकी तिला भरवताना पाठ करून बसायची. ज्याला नळ बंद करता यायचा, तो आता वाहत्या नळापुढे उभा राहून कुणाची तरी वाट बघायचा. मास्तर बारा दिवस थोरलीला जवळ येऊ देत नव्हता. तेराव्या दिवशी सकाळी थंडी होती. तो उघड्या अंगाने तिच्यापुढे आला आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहिला. तिने त्याला शर्ट घातला. तिच्या बोटांना सहा बटणं अर्ध्या मिनिटात लागली. मध्येच त्याचा हात चौथ्याकडे गेला, तो तिने हळूच बाजूला केला. पुढे पुढे तो हात यायचा बंद झाला.

घराची सरासरी सतरावर आली. पैसे येऊ लागले तसं छताची गळती बंद झाली, कपडे धुवायचं मोठं यंत्र आलं, मावश्यांना पगारी सुट्टी मिळाली. साहेबांनी या सगळ्यावर एक अहवाल लिहिला. तो इतर संस्थांना इतका आवडला की दोन ठिकाणांहून त्यांना बोलावणी आली. ताईंनी नातेवाइकांना काय सांगितलं ते कळलं नाही. त्या येईनाशा झाल्या होत्या.

पण एकाच घरातली एकवीस माणसं एका हंगामात एवढी कशी खचली, हा प्रश्न मंडळात कुणाला तरी पडलाच. तिथून कुजबुज आली की आता न कळवता तपासणी होणार, आणि पहिला नंबर मास्तरचा, कारण घसरगुंडी त्याच्यापासून सुरू झाली. साहेबांनी थोरलीला एवढंच सांगितलं, की आपल्यावर विश्वास आहे. त्या दिवसापासून ती मास्तरला नजरेआड होऊ देईना. काय सांगावं, कुठून काय येऊन जाईल त्याच्या हाताला.

एका दुपारी ती पुढच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मास्तर खुर्चीत बसला होता. दाराची घंटा वाजली. थोरलीने खिडकीतून वाकून पाहिलं: पाटी, ओळखपत्र, तोच कोरा चेहरा. ती चादर ठेवून वळली, तर खुर्ची रिकामी.

मास्तर दारापाशी पोचला होता. ते दार त्याने कधी उघडलं नव्हतं. त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं, कडी कुठल्याच मावशीच्या तक्त्यात नव्हती. त्याने ती नुसती बघितली असणार, वर्षानुवर्षं, इतरांच्या हातात. त्याने कडीची मूठ धरली, उचलली, डावीकडे ओढली. खट्‌ करून कडी निघाली. एकदासुद्धा त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं, पण ते विचारायला नव्हे. तोंडभर हसत होता.

थोरलीच्या ओठांपर्यंत शाबास आलं. धावत जाऊन काटकीला हाताला धरून आणावं आणि दाखवावं, असं तिच्या तळपायापासून उठलं. तिने दोन ढांगांत खोली ओलांडली, त्याचा हात मुठीवरून सोडवला आणि कडी परत लावली. त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवले, वर एक चादर टाकली. त्याचं हसू अजून गेलं नव्हतं, म्हणून त्याच्या चेहऱ्यापुढे उभी राहून, नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे ठेवून ती थांबली. ते जायला थोडा वेळ लागला. घंटा पुन्हा वाजली.

मग तिने जाऊन दार उघडलं.

तपासनीस बाईंनी आत पाहिलं, खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं, मग दाराकडे. “कडीचा आवाज आधी एकदा आला,” त्या म्हणाल्या. “कोण उघडत होतं?”

“मीच,” थोरली म्हणाली. “हात चुकला.”